पंचेचाळिसाव्या वर्षी सनद: नागपूरच्या एका वसुली अधिकाऱ्याचे प्रकरण

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे, त्यांनी नागपुरातील एका नागरी सहकारी पतसंस्थेत १७ वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी शेवटची ११ वर्षे ते वसुली अधिकारी होते. २०२० साली, वयाच्या ४१व्या वर्षी त्यांनी तीन वर्षांच्या विधी पदवीला प्रवेश घेतला. २०२४ मध्ये पदवी आणि वकिलीची सनद दोन्ही मिळाली, तेव्हा त्यांना ४५ पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. तेव्हापासून ते माझ्याकडे ज्युनिअर आहेत. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान असून २०१० पासून सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात वकिली करतो. हे टिपण त्यांच्या संमतीने लिहिले आहे. नाव द्यायचे नाही असे ठरल्यामुळे, चेंबरमध्ये सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात तेच, म्हणजे ‘दादा’, इथे वापरतो.

उशिरा वकिलीकडे वळू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा वयाचा असतो. कायद्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे उत्तर केव्हाच मिळून गेले आहे. भारतीय वकील परिषदेने एकेकाळी ४५ वर्षे पूर्ण झालेल्यांना सनद न देण्याचा नियम केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ साली रद्द ठरवला. पुढे २००८ च्या विधी शिक्षण नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला ३० वर्षांची मर्यादा आली. ती मागे घेतली गेली, २०१६ मध्ये परिपत्रकाने पुन्हा लागू झाली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. १९९५ चा निकाल नसता, तर दादांचा अर्ज थोड्याच दिवसांच्या फरकाने आत बसला असता किंवा बाहेर राहिला असता, एवढाच या इतिहासाचा त्यांच्याशी संबंध.

वयापेक्षा नोकरीचा अडसर मोठा होता. वकील परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेविरुद्ध एका डॉक्टरांनी, वैद्यकीचा व्यवसाय चालू ठेवून सनद मिळावी म्हणून नेलेले प्रकरण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले, आणि वकिली हा माणसाचा पूर्ण वेळ मागणारा व्यवसाय आहे ही भूमिका तेव्हापासून पक्की आहे. शिकताना नोकरी ठेवता येते, सनदेच्या अर्जापूर्वी मात्र ती सोडावीच लागते. म्हणजे पहिला अशील मिळण्याआधी पगार थांबतो. ज्याने पंचविशीत सनद घेतली त्याच्या बाबतीत घरचे म्हणतात, ‘होईल हळूहळू’. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या घरी गृहकर्जाचा हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि मुलगी दहावीला असते.

शिक्षणाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात एकच धडा आहे आणि तो हजेरीचा आहे. पहिले वर्ष टाळेबंदीमुळे मोबाइलवरच झाले. दादा थकबाकीदाराच्या दारासमोर गाडीवर बसून व्याख्याने ऐकत. महाविद्यालय प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा सकाळचे तास आणि पतसंस्थेची साडेदहाची वेळ यांचा मेळ बसेना, ७० टक्क्यांची अट पुरी झाली नाही आणि तिसऱ्या सत्राच्या परीक्षेला त्यांना बसू दिले नाही. वर्ष गेले. महाविद्यालयाचे त्यात काही चुकले असे मला वाटत नाही आणि दादाही तसे म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी व्यवस्थापकांना गाठून एक साधी गोष्ट पटवून दिली, की थकबाकीदार घरी सापडतो तो संध्याकाळी सातनंतर, तेव्हा वसुली अधिकाऱ्याने सकाळी टेबलावर बसून काही निष्पन्न होत नाही. कामाची वेळ दुपारी एक ते रात्री नऊ अशी बदलून मिळाली. ही मांडणी एक वर्ष आधी सुचली असती तर वर्ष वाचले असते, असे ते अजून म्हणतात.

नोकरी सोडताना त्यांच्या हाती काय होते, तेही सांगितले पाहिजे. एकूण पगार ३४,००० रुपये, त्यात उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) धरले जाणारे वेतन २४,०००. सव्वीस दिवसांच्या महिन्यातील पंधरा दिवसांचे वेतन गुणिले १७ वर्षे, या हिशेबाने दोन लाख पस्तीस हजारांच्या आसपास उपदान मिळाले. गृहकर्जाचा हप्ता ११,२०० होता. वहिनी मानेवाड्यात घरूनच डब्यांचे काम करतात, त्यातून किराणा निघत असे. दादांनी वहीत ३० महिन्यांचा खर्च मांडला आणि हातातला पैसा २२ महिन्यांतच संपतो असे दिसल्यावर मुलीच्या नावाची मुदत ठेव मोडायची की गाडी विकायची, असा प्रश्न घरात उभा राहिला. गाडी विकून वकील न्यायालयात कसा पोहोचणार, हा वहिनींचा मुद्दा होता. ठेव मोडली.

एका बाबतीत वेळ त्यांच्या बाजूने होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य वकील परिषदांना सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही असे ठरवले. हे शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्याआधी निरनिराळ्या राज्यांत ही रक्कम हजारांच्या घरात जात असे. दादांनी त्यासाठी २०,००० रुपये बाजूला काढून ठेवले होते, ते वाचले. त्यातल्या काही पैशांत त्यांनी नव्या फौजदारी कायद्यांची पुस्तके घेतली. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले होते, आणि त्या उन्हाळ्यानंतर माझ्यासारख्याच्या तोंडून चौदा वर्षांच्या सवयीने ‘४२०’ आणि ‘६५-ब’ ही जुनी कलमे बाहेर पडत असताना दादा शांतपणे त्यांच्या जागची नवी ‘३१८’ आणि ‘६३’ म्हणत. बाररूममध्ये सगळेच चाचपडत होते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा वकील तेवढ्यापुरता आमच्या बरोबरीने उभा होता.

खरा त्रास पुस्तकाबाहेर होता, आणि तो मला आधी दिसला नाही.

धंतोलीतल्या माझ्या चेंबरमध्ये ते पहिल्यांदा आले त्या आठवड्यात कळमेश्वरकडचा एक शेतकरी वाटणीच्या दाव्यासाठी आला होता. तो आत शिरला, टेबलाच्या माझ्या बाजूला मी आणि माझ्याशेजारी दादा बसलेले त्याने पाहिले, आणि पिशवीतून सातबारे काढून सरळ दादांसमोर मांडले. “साहेब, तुमीच सांगा नं, भावानं फेरफार करून घेतला तं मले का नोटीस आली नाई?” दादांनी सातबारा हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. उत्तर बरोबर होते. पण तीन-चार वाक्यांनंतर त्यांच्या लक्षात आले, त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पाणी आणायला म्हणून उठून गेले. तो शेतकरी त्यानंतर अर्धा तास माझ्याशी बोलला खरा, पण नजर दाराकडेच ठेवून. पिकलेल्या केसांवर लोकांचा विश्वास बसतो. कोणाचे केस किती वर्षांच्या वकिलीत पिकले, हे कोणी विचारत नाही.

यावर आम्ही दोघांनी मिळून काही ठरवायला हवे होते. आम्ही ठरवले नाही, कारण मला संकोच होता आणि त्यांना वाटत होते की बोलणे सिनिअरने काढावे. चोवीस वर्षांची दुसरी ज्युनिअर त्यांना आधी ‘काका’ म्हणे, मी ‘साहेब’ म्हणत असे, ते मला ‘सर’ म्हणत, आणि न्यायालयातले शिपाई त्यांना नमस्कार करून मला वाट देत. दोन महिन्यांनी ‘दादा’ रूढ झाले तेव्हा हवा जरा मोकळी झाली. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर गेला की खालच्या न्यायालयांत आम्ही कोट काढून फक्त बँड लावतो, कारण उच्च व सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. दादांनी कोट संपूर्ण एप्रिल अंगावर ठेवला. कारण विचारल्यावर म्हणाले, कोट काढला की बेलिफ मला पक्षकार समजून मागच्या बाकावर बसायला सांगतो.

दुसरा अडथळा त्यांच्या सवयीचा होता. वसुली अधिकाऱ्याच्या हातात महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ खाली जप्तीचा अधिकार असतो. तो दारात उभा राहतो तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावेच लागते, आणि प्रश्न विचारणारा शेवटी काय होणार ते जाणून असतो. उलटतपासणीत नेमके उलटे आहे. सनदेनंतर आठव्या महिन्यात धनादेश अनादराच्या एका प्रकरणात, ज्यात आमचा अशील फिर्यादी संस्था होती, मी उच्च न्यायालयात अडकलो म्हणून आरोपीची उलटतपासणी दादांनी घेतली. मला हवे होते ते चार प्रश्नांत मिळाले होते: कर्ज घेतले, हप्ते थकले, धनादेश स्वतःच्या खात्याचा, नोटीस मिळाली. तिथे थांबून खाली बसायचे होते. दादांनी दारात विचारावे तसे विचारले, “मग सही तुमची नाही का?” आरोपी म्हणाला, “सही माझी. बाकीचं अक्षर तुमच्या संस्थेच्या माणसाचं आहे, कोरा घेतला होता.” कोऱ्या धनादेशावर स्वेच्छेने सही केली असेल तरी कायद्याचे गृहीतक फिर्यादीच्याच बाजूने राहते, म्हणून प्रकरण बुडाले नाही. तरी बचावाला जे वाक्य स्वतः साक्षीत आणता आले नव्हते, ते आम्ही त्याच्या हातात दिले. संध्याकाळी दादांनी तो रोजनामा दोनदा वाचला आणि वहीत फक्त एवढेच लिहिले: ‘पाचवा प्रश्न.’

तिसरी गोष्ट आमच्यात खरा मतभेद घडवून गेली. जुनी पतसंस्था त्यांच्याकडे कामे द्यायला तयार होती. वसुली दाखल्यांना, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या निबंधकांच्या आदेशांना, आव्हान देणाऱ्या पुनरीक्षण अर्जांत संस्थेची बाजू मांडायची, महिन्याला ठरावीक रक्कम. ज्याची ठेव मोडलेली आहे त्याला हे देवाचे देणेच वाटणार. मी नको म्हणालो. ज्या फायलींवर वसुली अधिकारी म्हणून त्यांची सही होती, जप्तीचे पंचनामे त्यांनी केले होते, त्यांत उद्या त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावले जाऊ शकते, आणि ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असे वकिलाला वाटण्यास कारण आहे ते प्रकरण त्याने घेऊ नये असा परिषदेचा स्पष्ट नियम आहे. दादांचे म्हणणे होते की निम्म्या फायली त्यांच्यानंतरच्या आहेत. ते खरे होते. पण संस्था फायली वेगळ्या करून देणार नव्हती. तिला एकच माणूस हवा होता, ज्याला सगळे माहीत आहे. उलट बाजूने, जुने थकबाकीदारही त्यांच्याकडे येऊ लागले, ‘तुमाले तं आतलं सगळं ठाऊक आहे’ म्हणत. त्यांनाही नाही म्हणायचे ठरले. म्हणजे दादांची जी ओळख त्यांचे भांडवल आहे असे आम्ही धरून चाललो होतो, तिच्या दोन्ही टोकांना आम्हीच कुलूप लावले. पाच-सहा महिने त्यांनी माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. आज मागे पाहताना मला वाटते, निर्णय बरोबर होता पण त्याची किंमत एकट्या त्यांनी मोजली, आणि सिनिअर म्हणून मी त्या काळात त्यांना जास्त द्यायला हवे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वकील परिषदेने शहरांत ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. मी पहिले सहा महिने पेट्रोलपुरते ४,००० देत होतो, नंतर ८,०००.

भांडवल शेवटी कामी आले ते तिसऱ्याच जागी. उमरेड तालुक्यातल्या एका किराणा दुकानदाराचे घर दुसऱ्याच एका पतसंस्थेने लिलावात विकले होते. वसुली दाखल्यालाच आव्हान द्यायचे तर पुनरीक्षण अर्जासोबत वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भराव्या लागतात, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेर होते. मी फाइल चाळून त्याला फारसे काही दिसत नाही असे सांगण्याच्या बेतात होतो. दादांनी फाइल घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेंबरच्या भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले, टेबलावर ठेवले आणि पेन्सिलीने लिलावाच्या तारखेपासून एकेका चौकटीवर टिंब देत मोजू लागले. नियमाप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या खरेदीदाराने १५ टक्के रक्कम लिलावाच्या वेळीच आणि उरलेली ८५ टक्के १५ दिवसांत भरायची असते. फाइलमध्ये चौदाव्या दिवसाची पावती होती. मी म्हणालो, मग मुदतीत भरली.

दादा म्हणाले, “पावती चेक हातात आल्याची आहे, सर. पैसे आल्याची नाही. खातेउतारा मागवू.”

नकलेचा अर्ज केला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा उतारा मिळाला. रक्कम संस्थेच्या खात्यात बाविसाव्या दिवशी जमा झाली होती. चौदाव्या दिवसाचा धनादेश वटलाच नव्हता आणि नंतर दुसरा दिला गेला होता. त्यांनी हे कसे ओळखले असे मी विचारले तेव्हा ते थोडे थांबले. मग म्हणाले, पावतीपुस्तक आधी फाडायचे आणि चेक मागून बघायचा, ही पद्धत त्यांना नवी नव्हती. अशा पावत्यांवर त्यांनीही सह्या केलेल्या आहेत. हे ते जड मनाने बोलले, आणि मी त्यावर पुढे काही विचारले नाही.

लिलावाला आव्हान देणाऱ्या अर्जाचा मसुदा संपूर्णपणे त्यांचा होता, मराठीतला, सतरा परिच्छेदांचा. मी फक्त दोन ठिकाणी विशेषणे काढली. सहकार खात्याच्या मराठी कागदांचे वळण त्यांच्या हाताला आहे. ‘उक्त’, ‘सदरहू’, ‘अन्वये’ यांची गर्दी न करता कोणता ठराव कोणत्या तारखेच्या कोणत्या पत्राला उत्तर आहे हे ते ओळीने मांडतात. उच्च न्यायालयाच्या इंग्रजी मसुद्यांत ते अडखळतात आणि तिकडे जायची घाईही करत नाहीत. १९४० साली उघडलेल्या त्या दगडी इमारतीत ते माझ्यामागे ब्रीफ घेऊन येतात, मागच्या रांगेत बसतात आणि परतताना विचारतात की अमुक मुद्दा मी सोडून का दिला. सहकार खात्याच्या विभागीय सहनिबंधकांसमोर मात्र युक्तिवाद त्यांनीच केला. ताबा देण्याला स्थगिती मिळाली आहे, अर्ज प्रलंबित आहे.

त्यानंतर सहकाराची आणखी नऊ कामे आली, सगळी तोंडी शिफारशीने, एकही त्यांच्या जुन्या संस्थेशी संबंधित नाही.

जो कोणी या वयात असा विचार करत असेल, त्याने वर्षांच्या कुंपणांचाही हिशेब मांडून ठेवावा असे मला वाटते. मोफत विधी सेवेच्या वकील मंडळावर जायला तीन वर्षांचा अनुभव लागतो. नोटरी व्हायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते, महिला, इतर मागासवर्ग व अनुसूचित जाती-जमातींना सात; दादांच्या बाबतीत नोटरीची पाटी पंचावन्नाव्या वर्षी लागू शकते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे पद वयोमर्यादेमुळे त्यांच्यासाठी मुळातच उपलब्ध नव्हते, आणि ते त्यांना प्रवेश घेतानाच ठाऊक होते. वकिली करण्यासाठी उत्तीर्ण व्हावी लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेची मात्र फार धास्ती घेऊ नये. शंभर प्रश्न, टिपणे नसलेली, नुसत्या कायद्यांची पुस्तके सोबत नेण्याची मुभा, मराठीतही उपलब्ध, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरेत. दादा ती पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले आणि त्याबद्दल त्यांना एका वाक्याच्या वर काही सांगायचे नसते.

आजची स्थिती अशी की गेल्या सहा महिन्यांत त्यांची सरासरी मिळकत २३,००० च्या आसपास आहे, म्हणजे सोडलेल्या पगारापेक्षा ११,००० ने कमी. हप्ता कापला जातो त्या तारखेला खात्यात रक्कम असते, मोडलेली ठेव अजून भरून निघालेली नाही. मुलगी आता बारावीला आहे आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची चौकशी करते. दादा तिला उत्तेजन देत नाहीत आणि अडवतही नाहीत.

एक गोष्ट आमच्यात अजून ठरायची आहे. सहकाराची कामे माझ्या चेंबरमध्ये येतात, पण येतात त्यांच्यासाठी. मसुदा त्यांचा, युक्तिवाद त्यांचा, टेबल आणि पाटी माझी. फीची वाटणी आतापर्यंत निम्मी-निम्मी होती. गेल्या आठवड्यात त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली, नऊ कामांपुढे तासांचे आकडे लिहिलेले होते, आणि ७०-३० असे सुचवून ते कॅलेंडरवर पुढच्या तारखा लावायला निघून गेले. वही माझ्या टेबलावर आहे. आकडे मी तपासले, ते बरोबर आहेत.